तौहीद आणि सिफात: हा वाद वाचायला सुरुवात कुठून करावी

अल्लाह एक आहे, यावर मुसलमानांमध्ये कधीच दुमत नव्हतं. तरीही तौहीद, म्हणजे अल्लाहचं एकत्व, या विषयावर बसरा, बगदाद, समरकंद, दमास्कस, कैरो आणि पुढे दिल्लीतही पिढ्यान्‌पिढ्या खडाजंगी झाली. फटके बसले, विद्वान तुरुंगात गेले, एकाचं मुंडकं बगदादेत टांगलं गेलं. नव्याने वाचणारा इथेच गोंधळतो. सगळेच एक म्हणतात, तर भांडण कसलं?

भांडण आहे ते 'एक' म्हटल्यावर पुढे काय मान्य करावं लागतं आणि काय सोडून द्यावं लागतं, याचं. कुराण अल्लाहला सर्वज्ञ म्हणतं, ऐकणारा-पाहणारा म्हणतं. त्याचे हात, चेहरा, सिंहासन यांचाही उल्लेख करतं. हे गुण, म्हणजे सिफात, त्याच्या ज़ातीशी (म्हणजे तो स्वतः जो काही आहे त्याच्याशी) कसे जोडलेले आहेत? ते त्याच्याहून वेगळे मानले तर अनादि गोष्टी अनेक झाल्या. वेगळे नाहीतच म्हटलं तर कुराणातले ते शब्द पोकळ ठरतात की काय? या विचाराच्या शास्त्राला कलाम म्हणतात, तो करणाऱ्याला मुतकल्लिम, आणि श्रद्धेच्या मांडणीला अकीदा. सुरुवातीला एवढी शिदोरी पुरते.

कोण बरोबर, याचा निवाडा इथे नाही. पुस्तक उघडल्यावर कोण काय आणि का म्हणतोय एवढं कळावं, इतपतच ही वाट आखली आहे. वाटेत प्रत्येक पक्षाला एक प्रश्न विचारत चला: याला नेमकी कशाची धास्ती आहे? माझ्या मते या वादाची किल्ली तिथे आहे. प्रत्येकाला तौहीद वाचवायचीच होती, फक्त धोका कुठून येतोय हे प्रत्येकाला वेगळं दिसत होतं.

पहिली पायरी: आधी आयती उतरवून घ्या

पक्षांची नावं पाठ करण्याआधी मूळ मजकूर हाताशी हवा. मराठी, हिंदी किंवा उर्दू, जो अनुवाद घरात असेल तो उघडा आणि वहीच्या पहिल्या पानावर या जागा लिहा.

सूरा 112, अल्-इख्लास. अवघ्या चार आयती: तो अल्लाह एक आहे, तो कोणावर अवलंबून नाही, त्याने कोणाला जन्म दिला नाही, तो कोणापासून जन्मला नाही, त्याच्या तोडीचं कोणी नाही. मग 42:11. या एका आयतीत दोन्ही टोकं आहेत: 'त्याच्यासारखं काहीही नाही' आणि लगेच पुढे 'तो ऐकणारा, पाहणारा आहे'. पहिला अर्धा भाग एका पक्षाचं ब्रीद झाला, दुसरा अर्धा दुसऱ्याचं. त्याखाली 20:5, रहमान (अल्लाहचंच एक नाव) अर्शवर, म्हणजे सिंहासनावर 'इस्तिवा' (शब्दशः आरूढ होणं, स्थिरावणं) करता झाला. आणि 38:75, जिथे आदमपुढे न झुकणाऱ्या इब्लीसला अल्लाह विचारतो की ज्याला मी माझ्या दोन हातांनी घडवलं त्याला सजदा करायला तुला कोणी अडवलं?

शेवटची जागा 3:7. इथे कुराण स्वतःच सांगतं की काही आयती मुहकम, म्हणजे स्पष्ट अर्थाच्या आहेत आणि काही मुतशाबिह, अर्थ चटकन न लागणाऱ्या. पुढचं वाक्य मात्र दोन तऱ्हांनी वाचतात. 'त्यांचा खरा अर्थ अल्लाहखेरीज कोणी जाणत नाही', इथे थांबलं तर विषय मिटला. न थांबता 'अल्लाह आणि ज्ञानात पक्के असलेले लोक' असं सलग वाचलं, की विद्वानांना अर्थ लावायचा परवाना मिळतो. अख्ख्या पंथांच्या भूमिका या एका थांब्याशी येऊन भिडतात. तुमच्या हातातल्या अनुवादकाने कुठे श्वास घेतलाय ते आत्ताच बघून ठेवा.

दुसरी पायरी: एकच गुण धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका

नवखा वाचक सगळे गुण एकदम घेतो आणि बुडतो. 'इल्म', म्हणजे ज्ञान, एवढा एकच घ्या. अल्लाह जाणतो, हे सर्वांना मान्य. आता विचारा: तो जाणतो, म्हणजे त्याच्याकडे ज्ञान नावाचं काही आहे का?

मुअतजिला म्हणतात, जपून. हा पंथ आठव्या शतकात बसऱ्यात उभा राहिला; त्याचा आद्य पुरुष वासिल इब्न अता 748 साली वारला. वासिल आपले गुरू हसन बसरी यांच्या मंडळीतून बाजूला झाला तो पापी मुसलमानाच्या दर्जाच्या प्रश्नावर, सिफातींवर नव्हे. पण पुढे या पंथाची ओळख दोन तत्त्वांवर ठरली आणि ते स्वतःला 'अद्ल आणि तौहीदवाले', न्याय आणि एकत्वाची माणसं, म्हणवू लागले. त्यांचं म्हणणं असं: ज्ञान अल्लाहहून वेगळं आणि अनादि असेल तर दोन अनादि झाले. सामर्थ्य धरलं की तीन, इच्छा धरली की चार. ख्रिस्ती लोकांना तीन मानता म्हणून बोल लावायचे आणि स्वतः सात-आठ मांडून बसायचं, हे कसं? म्हणून नवव्या शतकातला त्यांचा मोठा विचारवंत अबुल हुजैल अल्लाफ म्हणाला की अल्लाह जाणतो ते ज्ञानाने, आणि ते ज्ञान म्हणजे तोच.

विरोधकांनी लगेच पकडलं. ज्ञान म्हणजे तो आणि सामर्थ्य म्हणजेही तोच, तर मग ज्ञान आणि सामर्थ्य एकच झालं की! आणि प्रार्थनेत 'हे ज्ञाना, मला क्षमा कर' असं म्हटलं तर चालेल का? या पेचातून निसटायला मुअतजिलांमधल्याच अबू हाशिम जुब्बाईने (मृत्यू 933) 'अहवाल' काढले. अल्लाहचं जाणणं ही एक अवस्था आहे. ती ना अस्तित्वात आहे असं म्हणता येतं, ना नाही असं. विरोधकांनी यथेच्छ टर उडवली. गंमत म्हणजे पुढे त्या विरोधकांमधल्याच दोघा मोठ्यांनी, बाकिल्लानी आणि जुवैनी यांनी, ही कल्पना कमीजास्त उसनी घेतली.

आता दुसरी बाजू. अबुल हसन अशअरी (874–936) हा मुअतजिलांच्याच मुशीत घडलेला. अबू अली जुब्बाईचा, म्हणजे वरच्या अबू हाशिमच्या वडिलांचा शिष्य. चाळिशीच्या सुमाराला तो त्यांना सोडून गेला आणि त्यांचीच तर्काची हत्यारं घेऊन त्यांच्यावर उलटला. त्याच्या परंपरेचं उत्तर असं: ज्ञान ही खरीखुरी सिफत आहे, अनादि आहे, अल्लाहच्या ज़ातीच्या आधाराने आहे; ती 'तो नाही आणि त्याच्याहून दुसरीही नाही'.

पहिल्यांदा वाचलं की ही निव्वळ पळवाट वाटते. पण 'दुसरं' कशाला म्हणायचं याची त्यांनी व्याख्या करून ठेवली आहे: ज्या दोन गोष्टींपैकी एक नसतानाही दुसरी असू शकते, त्या एकमेकींहून दुसऱ्या. अल्लाहची ज़ात ज्ञानाशिवाय असू शकत नाही, ते ज्ञानही ज़ातीशिवाय असू शकत नाही. म्हणून ज्ञान 'दुसरं' नाही, आणि दोन अनादि झाल्याचा आरोप लागू होत नाही. मुतकल्लिम इथे दहामधल्या एकाचा दाखला देतात: तो एक म्हणजे दहा नव्हेत, आणि दहाहून दुसराही नव्हे. दाखला पटो न पटो, व्याख्या कळली की त्यांचं कुठलंही पुस्तक वाचता येतं. अशा सात सिफात त्यांनी मोजल्या: जीवन, ज्ञान, सामर्थ्य, इच्छा, श्रवण, दर्शन आणि वाणी.

समरकंदचा अबू मन्सूर मातुरीदी (मृत्यू 944) याच सुमाराचा. त्याच्या परंपरेने आठवी सिफत धरली: तकवीन, घडवणं. अशअरींच्या मते निर्माण करणं ही कृती आहे, ती काळात घडते, मागे सामर्थ्य आणि इच्छा असली की भागतं. मातुरीदींच्या मते घडवण्याचा गुण अनादि आहे, घडलेली वस्तू तेवढी काळातली. बाहेरून बघणाऱ्याला केस चिरण्याचा प्रकार वाटेल, पण ही आठवी सिफत लक्षात ठेवा. भारतातल्या बहुसंख्य हनफी (हनफी ही सुन्नींच्या चार धर्मशास्त्रीय परंपरांपैकी एक) मदरशांचा संबंध तिच्याशी आहे.

तिसरी पायरी: वाणीचा प्रश्न आणि 833 साल

सातव्या सिफतीने, वाणीने, सगळ्यांत जास्त रक्त सांडलं. कुराण म्हणजे अल्लाहची वाणी. मग ती निर्मित, मखलूक, की त्याच्यासारखीच अनादि?

मुअतजिलांना कुराण अनादि मानण्यात दुसरा देव उभा राहताना दिसत होता. 43:3 मध्ये 'आम्ही ते अरबी कुराण केलं' असं आहे. जे 'केलं' ते निर्मित, हे त्यांचं बोट ठेवायचं ठिकाण. समोरचे 16:40 दाखवत: अल्लाह एखाद्या गोष्टीला 'हो' म्हणतो आणि ती होते. हा 'हो'च निर्मित असेल तर त्याला निर्माण करायला आणखी एक 'हो' लागेल, त्याला आणखी एक. साखळी संपायचीच नाही. म्हणून अल्लाहची वाणी निर्मित असूच शकत नाही.

833 मध्ये खलीफा मामूनने या शास्त्रार्थात राज्यसत्ता उतरवली. त्याने बगदादच्या सुभेदाराला पत्र धाडलं: काजी आणि हदीसच्या (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींच्या) विद्वानांना बोलावून विचारा, कुराण निर्मित आहे हे कबूल आहे ना? पत्रातला एक मुद्दा मासलेवाईक आहे. कुराण अनिर्मित म्हणणारे, त्याच्या मते, मरियमपुत्र ईसा ईश्वराचा शब्द म्हणून निर्मित नव्हे असं म्हणणाऱ्या ख्रिस्तींसारखे बोलत होते. या तपासणीला मिहना म्हणतात. बहुतेकांनी मान तुकवली. अहमद इब्न हंबल (780–855) आणि मुहंमद इब्न नूह हे दोघे अडून राहिले. त्यांना बेड्या घालून खलीफाकडे नेत असतानाच मामून वारला. परतीच्या वाटेवर इब्न नूहही गेला. पुढचा खलीफा मुअतसिम याच्यासमोर वाद झाला, तेव्हा इब्न हंबल पुन्हा पुन्हा एकच मागत राहिला असं सांगतात: अल्लाहच्या ग्रंथातून किंवा पैगंबरांच्या सुन्नतमधून, म्हणजे वागण्या-बोलण्याच्या परिपाठातून, काहीतरी पुरावा द्या. शेवटी फटके बसले.

त्यानंतरच्या वासिकच्या काळात हे पार टोकाला गेलं. 845 मध्ये बायझंटाइनांशी कैद्यांची अदलाबदल झाली. शत्रूच्या कैदेतून सुटू पाहणाऱ्या मुसलमानांनाही आधी विचारलं गेलं की कुराण निर्मित मानतोस का. जो नाही म्हणेल त्याला सोडवायचं नाही. पुढच्या वर्षी अहमद इब्न नस्र खुजाईला ठार करून त्याचं मुंडकं बगदादेत लावलं गेलं. त्याच्यावर बंडाच्या कटाचाही ठपका होता, पण वासिकने त्याला सवाल केला तो कुराणाबद्दल. 847 मध्ये गादीवर आलेल्या मुतवक्किलने पुढच्या काही वर्षांत हे प्रकरण गुंडाळलं.

मुअतजिला म्हणजे इस्लाममधले बुद्धिवादी, उदारमतवादी, असं बरेचदा छापून येतं. त्यांच्या तर्काची धार खरीच होती. पण विचारस्वातंत्र्याचं तोरण त्यांच्या दाराला बांधण्याआधी 845 मधले ते कैदी आठवावेत.

मिहना संपली तरी प्रश्न मिटला नाही. कुराण अनिर्मित, बरं. पण मी ते तोंडाने म्हणतो तो माझा उच्चार? हदीससंग्रहामुळे सर्वांना ठाऊक असलेला बुखारी या प्रश्नावरून निशापुरात अडचणीत आला. माणसाच्या कृती निर्मित असतात, एवढंच त्याचं म्हणणं होतं. तिथल्या जुहली या वजनदार विद्वानाने त्याच्याविरुद्ध आघाडी उघडली आणि बुखारीला शहर सोडावं लागलं. 870 मध्ये तो समरकंदजवळ वारला. अशअरींनी यावर दोन पातळ्या केल्या: अल्लाहच्या ठायी असलेली, अक्षर-आवाजाविना असलेली 'कलाम-ए-नफ्सी' अनादि, आणि पानावरची, ओठांवरची 'कलाम-ए-लफ्जी' निर्मित. इब्न हंबलच्या अनुयायांना, म्हणजे हंबलींना, हे मान्य नव्हतं. त्यांच्या लेखी कागदावर आहे तेच अल्लाहचं कलाम, मधे पडदा नको.

चौथी पायरी: हात आणि अर्श

वहीत 38:75 काढा. त्याच्यापुढे चार रकाने आखा, कारण 'माझ्या दोन हातांनी' हे शब्द वाचायच्या चार रीती आहेत.

पहिली: हात म्हणजे आपल्यासारखाच हात. हे तशबीह, अल्लाहला सृष्टीसारखं मानणं. जवळपास सगळ्यांनी ते धुडकावलं, तेव्हा हा रकाना मोकळा राहिला तरी चालेल. दुसरी: हात म्हणजे सामर्थ्य किंवा कृपा. हे तावील, मूळ शब्दाचा अर्थ वळवून घेणं, मुअतजिलांची रीत. तिसरी: अल्लाहने हात म्हटलं, आम्ही हात मानतो, कसा ते विचारत नाही. 'बिला कैफ', म्हणजे 'कसा' हा सवालच नको. चौथी: शब्द खरे, पण अर्थ काय ते अल्लाहवर सोपवलं. हे तफवीज. तिसरी आणि चौथी सारख्याच वाटतात. तिसऱ्यात अर्थ ठाऊक असतो, रीत ठाऊक नसते. चौथ्यात अर्थही हातचा राखलेला असतो. आजही सलफी (पहिल्या पिढ्यांच्याच वाटेने जातो म्हणणारे) आणि अशअरी लेखक एकमेकांवर तुटून पडतात ते जुने इमाम या दोहोंपैकी कुठे उभे होते, यावरून. मदिनेच्या इमाम मालिकला (मृत्यू 795) कोणी इस्तिवाबद्दल विचारलं, तेव्हा त्याने दिलेलं उत्तर फार प्रसिद्ध आहे: इस्तिवा ठाऊक आहे, कसा ते अज्ञात आहे, त्यावर ईमान ठेवणं बंधनकारक, आणि त्याबद्दल विचारत बसणं बिदअत, म्हणजे धर्मात नव्याने घुसवलेली गोष्ट. दोन्ही पक्ष हे वाक्य आपल्या बाजूने वापरतात.

तावीलवरचा अशअरीचा हल्ला मुळातून समजून घेण्याजोगा आहे. हात म्हणजे सामर्थ्य, तर इब्लीसही सामर्थ्यानेच घडला होता. मग 'ज्याला मी माझ्या दोन हातांनी घडवलं' यात आदमचा मोठेपणा कुठे राहिला? आणि शब्द द्विवचनी आहे. अल्लाहची सामर्थ्यं दोन का? नवख्याला इथे धक्का बसतो, कारण पुढच्या अशअरींनी, जुवैनीने (मृत्यू 1085) आणि फख्रुद्दीन राजीने (मृत्यू 1210), तावीलचाच रस्ता बऱ्यापैकी रुंद केला. जुवैनी पुन्हा उत्तरायुष्यात तफवीजकडे झुकला. उलट इब्न अल्-जौजी (मृत्यू 1201) हा हंबली, पण त्याने आपल्याच हंबली बांधवांना तशबीहवरून झोडपलं. म्हणून रकान्यात पंथाचं नाव लिहू नका. माणसाचं नाव लिहा, जमलं तर सालही.

अल्लाहला परलोकी डोळ्यांनी पाहता येईल का, हा वादही याच जातकुळीचा. 75:22–23 'हो' म्हणणाऱ्यांची, 6:103 'नाही' म्हणणाऱ्यांची. सुन्नी हो म्हणतात, मुअतजिला आणि शिया नाही.

पाचवी पायरी: इब्न तैमिया, आणि ऐकीव गोष्टींपासून सावधगिरी

मधला एक टप्पा भरभर ओलांडला तरी चालेल: तत्त्वज्ञांचा. इब्न सीनाने (980–1037) अल्लाहला 'वाजिबुल वुजूद', ज्याचं असणं अनिवार्य आहे असा, मानलं आणि त्यात कसलाच जोड, कसलीच बहुविधता राहू दिली नाही. गजालीने (1058–1111) तत्त्वज्ञांच्या खंडनासाठी जे वीस मुद्दे घेतले, त्यांत सिफात नाकारणं हाही एक आहे. कुफ्रचा, म्हणजे धर्माबाहेर गेल्याचा, शिक्का मात्र त्याने तीनच मुद्द्यांवर मारला, आणि सिफात त्या तिनात नाहीत. वाचताना हा फरक डोळ्यांआड होऊ देऊ नये.

इब्न तैमियापाशी (1263–1328) मात्र थांबायला हवं, कारण आजचं अर्धंअधिक वादळ त्याच्या नावाने उठतं. त्याचं सूत्र असं: अल्लाहने स्वतःचं जसं वर्णन केलं तसं मान्य करा, शब्द मोडू नका, पोकळ करू नका, 'कसं' सांगू नका, उपमा देऊ नका. अशअरींना त्याने अडचणीत टाकलं ते एका साध्या युक्तिवादाने. तुम्ही ज्ञान आणि इच्छा मानता आणि म्हणता की ती माणसाच्या ज्ञानासारखी, इच्छेसारखी नाहीत. मग हातानेच काय घोडं मारलं? तोही माणसासारखा नाही म्हणा आणि माना. जो नियम एका सिफतीला तोच दुसरीला. अशअरींचं उत्तर असं की ज्ञानासाठी शरीर लागत नाही. हात म्हटलं की शरीराचा अवयव आलाच. 1306 मध्ये त्याच्या अकीद्यावरून दमास्कसमध्ये चौकशीच्या बैठका झाल्या, मग त्याला कैरोत बोलावून कैदेत टाकलं. शेवटचा तुरुंगवास, ज्यात तो वारला, तो मात्र कबरींच्या दर्शनासाठी प्रवास करण्याबद्दलच्या मतावरून. या दोन कैदा लोक सर्रास एकात एक मिसळतात.

त्याच्याबद्दलची सगळ्यांत लाडकी गोष्ट इब्न बतूताची. हाच तो प्रवासी, ज्याने पुढे आपल्या दौलताबादचंही वर्णन केलं. तो लिहितो की दमास्कसच्या मशिदीत इब्न तैमिया म्हणाला, 'अल्लाह खालच्या आकाशात उतरतो तो मी आत्ता उतरतोय तसा', आणि मिंबरची, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठाची, पायरी उतरला. पुरी तशबीह! पण तारखा जुळवून बघा. इब्न बतूता दमास्कसला पोचला ऑगस्ट 1326 मध्ये, आणि इब्न तैमिया जुलैपासूनच किल्ल्यात कैदेत होता. शिवाय त्याच्या स्वतःच्या लिखाणाशीही हे विसंगत आहे. तरी ही गोष्ट आजही पुराव्यादाखल फेकली जाते.

हाच धडा शिव्यांनाही लागू. मुअत्तिला (गुण पोकळ करणारे), मुजस्सिमा (अल्लाहला शरीर देणारे), हशविया (शब्दाला चिकटून काहीही मानणारे) ही नावं कोणी स्वतःला लावून घेतलेली नाहीत. ती समोरच्याने चिकटवलेली आहेत. मुअतजिलांचं तर बहुतेक लिखाणच हरवलं होतं. 1950च्या दशकात येमेनमध्ये काजी अब्दुल जब्बारच्या (मृत्यू 1025) महाग्रंथाची हस्तलिखितं सापडली, जैदी शियांनी जपून ठेवलेली. तोपर्यंत त्यांची मतं प्रामुख्याने विरोधकांच्या तोंडूनच ऐकावी लागत.

आणखी एक गाठ इथेच सोडवून ठेवा. आजच्या पुस्तकांत तौहीदचे तीन भाग सर्रास दिसतात: रुबूबियत (तोच निर्माता आणि पालनकर्ता), उलूहियत (भक्ती फक्त त्याचीच), आणि अस्मा-ओ-सिफात. ही विभागणी इब्न तैमियाच्या परंपरेत ठळक झाली आणि अठराव्या शतकात नज्दच्या मुहंमद इब्न अब्दुल वहाबच्या चळवळीने घरोघरी नेली. पुस्तक या तीन भागांनी सुरू झालं तर लेखक कुठल्या वळणाचा, हे अनुक्रमणिकेवरूनच कळतं.

सहावी पायरी: आपल्या आजूबाजूला बघा

सगुण-निर्गुण आपल्या अंगवळणी पडलेलं असतं, त्यामुळे मुअतजिला म्हणजे निर्गुणवाले असा ताळा मराठी वाचक पटकन जुळवतो. तो जुळत नाही. मुअतजिलांचा अल्लाह न्याय करतो, वचन पाळतो, शिक्षा देतो, आणि त्याने अन्याय करणं त्यांना कल्पनेतही सोसत नाही. निर्गुणाच्या जवळचं काही शोधायचं तर इस्माइली विचारवंतांकडे जावं लागेल. दहाव्या शतकातला अबू याकूब सिजिस्तानी म्हणतो की अल्लाहवरून गुण काढून टाका, आणि ते काढून टाकणंही काढून टाका: तो अमुक नाही, आणि अमुक-नाही असाही नाही. फातिमी आणि मग येमेनी वाटेने आलेल्या या परंपरेचे वारस, दाऊदी बोहरा, मुंबईत आपल्या शेजारीच राहतात.

मुंबईतच माहीमला मखदूम अली माहिमी (1372–1431) यांचा दर्गा आहे. डिसेंबरातल्या उरुसाला पोलिसांची चादर चढते म्हणून तो सगळ्यांना ठाऊक; पण मखदूमबाबा कुराणाचे अरबी भाष्यकार होते आणि इब्न अरबीच्या (1165–1240) परंपरेतले होते, हे फारसं कोणी सांगत नाही. इब्न अरबीच्या पठडीत तौहीद आणखी पुढे जाते: खरं असणं एकाचंच, बाकी सगळं त्याच्या नावांचं आणि सिफातींचं प्रकटणं. पुढे याला वहदतुल वुजूद म्हणू लागले. शेख अहमद सरहिंदीने (1564–1624) त्यावर वहदतुश शुहूद मांडलं: एकत्व साधकाच्या अनुभवात असतं, निर्माता आणि निर्मिती वेगळेच राहतात. अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाहने दोघांचा मेळ घालायचा प्रयत्न केला.

आणि याच शाह वलीउल्लाहच्या नातवाने, शाह इस्माइलने (मृत्यू 1831), दिल्लीत सामर्थ्याच्या सिफतीवरून खळबळ उडवली. अल्लाहच्या सामर्थ्याला सीमा नाही. मनात आणलं तर एका 'हो'ने तो मुहंमदांसारखे करोडो घडवील, असं त्याने लिहिलं. फजले हक खैराबादीने विरोध केला: मुहंमद शेवटचे पैगंबर आहेत असं अल्लाहनेच सांगितलंय, तेव्हा त्यांचा जोड असणं अशक्य, आणि अशक्य ते सामर्थ्याच्या कक्षेत येतच नाही. हा 'इम्कान-ए-नजीर'चा वाद. खैराबादीच्या आग्रहावरून मिर्झा गालिबने यावर फारसी मसनवी रचली आणि मधेच म्हणून गेला की या जगात शेवटचा पैगंबर एकच, पण अल्लाहने दुसरं जग घडवलं तर तिथे दुसरा असेल. मित्र नाराज झाला, गालिबला पुढे शेपूट जोडावं लागलं. खैराबादी 1857च्या उठावानंतर काळ्या पाण्यावर गेला आणि 1861 मध्ये अंदमानातच वारला. देवबंदी आणि बरेलवी या भारतीय हनफींमधल्या दोन गटांच्या तेढीची एक मुळी या वादात आहे, आणि त्याचा विषय बसऱ्यातल्याच पठडीचा: अल्लाहला काय शक्य आहे?

सातवी पायरी: विचारायला जायचं तर

पुस्तकं काही अंतरापर्यंत नेतात, मग माणूस लागतो. जवळच्या मदरशात किंवा मशिदीत गेलात तर 'तुम्ही कोणत्या पंथाचे?' असं पहिलंच विचारू नका, समोरचा आखडतो. 'मौलाना साहेब, आपल्याकडे अकीद्याचं कोणतं पुस्तक शिकवतात?' असं विचारा. घाटावरच्या आणि मराठवाड्यातल्या बहुतेक हनफी मदरशांत दर्स-ए-निजामी हा जुना अभ्यासक्रम चालतो, मग ते देवबंदी असोत की बरेलवी, आणि अकीद्यात दोघेही मातुरीदी-अशअरी वळणाचे. कोकणी मुसलमान शाफई (हनफीसारखीच दुसरी सुन्नी परंपरा), त्यांचा ओढा परंपरेने अशअरींकडे. अहले हदीस मंडळी इब्न तैमियाच्या बाजूची. त्यांच्याकडे सिफातींवर तावील चालत नाही.

उत्तर 'शरह-ए-अकाइद' असं आलं तर नशीब समजा. मूळ मजकूर मातुरीदी नसफीचा (मृत्यू 1142), त्यावर भाष्य तफ्ताजानीचं (मृत्यू 1390). तकवीनच्या प्रकरणात हा भाष्यकार मूळ लेखकाचं म्हणणं नीट मांडतो आणि मग त्यालाच आव्हान देतो: सामर्थ्य आणि इच्छा असताना ही आठवी सिफत वेगळी कशाला? तेवढं प्रकरण मौलानांकडून ओळीने समजावून घ्या, आणि त्यांना स्वतःला कोणाचं पटतं तेही विचारा.